लाल निघालं तर

बोल्ट हलायचं नाव घेईना, तेव्हा सिस्टरांनी गाडीखाली आडव्या पडल्या पडल्या पान्याच्या दांड्यावर तळहाताचा एक सणसणीत फटका हाणला.

“हलला?” बाहेरून मास्तरांनी विचारलं.

“हलेल. न हलून जातोय कुठे?”

मास्तर उकिडवे बसून गाडीखाली डोकावत होते. तिथून त्यांना सिस्टरांचे तेलकट हात दिसत होते आणि अंगावरचा जुना पांढरा एप्रन. तो एप्रन मास्तरांच्याच हातचा. इस्पितळातल्या सगळ्या नर्सचे कपडे एके काळी त्यांच्या दुकानात शिवले जायचे. ‘कॉलर अशी लावतात होय?’ म्हणून एका तापट नर्सने एकदा सगळं दुकान डोक्यावर घेतलं, आणि वर्षाच्या आत मास्तरांनी तिच्याशीच लग्न केलं. ती त्यांना मास्तर म्हणायची, ते तिला सिस्टर. पुढे गल्लीही तेच म्हणायला लागली, आणि सिस्टर निवृत्त झाल्या तरी नाव काही निवृत्त झालं नाही.

गाडीची पुढची चाकं दोन लोखंडी रॅम्पवर चढवलेली होती आणि मागच्या चाकांना विटा लावल्या होत्या. रॅम्प गॅरेजवाल्याकडून मागून आणलेले. देताना त्याने बरीच का-कू केली होती. “कशाला नसता उपद्व्याप, सिस्टर? गिअरबॉक्सचं तेल खराब झालंय हे कशावरून?” असं काहीबाही पुटपुटत होता. “तू देतोस की दुसरीकडून आणू?” असं सिस्टरांनी विचारल्यावर मात्र त्याने मुकाट्याने काढून दिले.

सकाळी गाडी त्या रॅम्पवर चढवताना वर पोचता पोचता तिने अशी काही उसळी घेतली, की मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. सिस्टरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि विजयी आवाजात ओरडल्या, “बघितलंत? गिअर आधी पकडतच नाही, आणि पकडला की असा उडतो!”

मास्तरांनी बघितलं होतं. त्यांनी वाकून मागच्या चाकांना विटा लावल्या.

आता झालं होतं असं, की सिस्टरांची गाडी पणाला लागली होती, आणि पणाला लावणाऱ्या त्या स्वतःच. निवृत्तीनंतर घरी बसणं त्यांना जमेना. मग त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन जखमा धुवायचं, पट्ट्या बदलायचं काम अंगावर घेतलं. पाणीटाकीजवळची एक आजी, जुन्या गिरणीमागचा पाय कापलेला म्हातारा, टेकाडावर राहणारी एक विधवा. सगळी अशा ठिकाणी, जिथे बस फिरकत नाही. सिस्टरांची गाडी दारात थांबली की आजीचा चेहरा उजळायचा आणि म्हातारा शिव्या द्यायला लागायचा. दोन्हीचा अर्थ एकच होता. गाडी गेली की ही माणसं गेली, आणि मागे उरली टीव्हीसमोरची खुर्ची. त्या खुर्चीकडे नुसतं बघितलं तरी सिस्टरांचं डोकं फिरायचं.

पण दोनदा धडक झाली होती. पहिल्यांदा स्वतःच्याच गेटच्या खांबाचा टवका उडाला. दुसऱ्यांदा, आजीच्या गल्लीत, एका उभ्या सायकलचा पार चुराडा झाला. सायकलवाला नुकताच उतरून समोरच्या घरात शिरला होता.

मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. सायकलची हकीकत त्याच्या कानावर गेली आणि मागच्या रविवारी तो जेवायला आला तो तयारीनेच. हात धुऊन झाल्यावर म्हणाला, “आई, पुरे आता. गाडी विकून टाकू.”

“का म्हणून?”

“तिसऱ्यांदा काय होतंय याची वाट बघायची आहे का आपल्याला?”

“दोष गाडीचा आहे. डी मध्ये टाकली की आधी ढिम्म हलत नाही आणि मग एकदम झेप घेते. तिच्या गिअरबॉक्सचं तेल जळून काळं झालंय. कुणी बदललंय का आजवर? ऑटोमॅटिक गाडी आहे ती, हवेवर चालत नाही.”

“आणि तुझाच पाय चुकत असेल तर? ब्रेकऐवजी...”

एवढं म्हणायचा अवकाश, सिस्टर खुर्चीतून उठल्याच. आयुष्यभर ज्या बाईने थरथरत्या म्हाताऱ्यांच्या शिरेत पहिल्या फटक्यात सुई घातली, तिला तिचंच पोर सांगत होतं की तुझा पाय चुकतो!

“ऐक,” त्या म्हणाल्या. “पुढच्या रविवारी ते तेल मी स्वतःच्या हाताने काढते. संध्याकाळी ये आणि डोळ्यांनी बघ. काळं निघालं तर दोष गाडीचा, आणि या घरात हा विषय पुन्हा कुणी काढायचा नाही.”

“आणि लाल निघालं तर?”

“लाल निघालं तर मी जन्मात पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही. झालं तुझं समाधान?”

या तेलाचं तसंच असतं. नवं असताना ते सरबतासारखं लालभडक आणि पारदर्शक असतं. वापरून वापरून तपकिरी होतं, जळलं की काळं पडतं आणि त्याला करपलेला वास येतो. सिस्टरांनी या विषयावर सापडेल ते सगळं वाचून काढलं होतं. मास्तर पैज ऐकत होते. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि सिस्टरांच्या चेहऱ्याकडे बघून परत मिटलं.

तर आज तो रविवार होता, आणि बोल्ट हटून बसला होता.

“मास्तर, पान्याला लावायला तो लांब पाइप द्या. आणि ते भांडं सरकवा इकडे.”

भांडं म्हणजे एनॅमलचं मोठं पांढरं भांडं. काळ्या घमेल्यात रंग काय डोंबल कळणार, असं सिस्टरांचं म्हणणं. वॉर्डात नळीतून येणारा स्राव त्या पांढऱ्यावरच बघायच्या. रंग बघायचा, वास घ्यायचा, मोजायचं, आणि जे दिसेल तेच सांगायचं. मोठ्या डॉक्टरांना काय ऐकायला आवडेल ते सांगायचं नाही. नव्या पोरींना त्यांनी हे इतक्यांदा सुनावलं होतं, की त्या पाठीमागे नक्कल करायच्या.

बोल्ट खरा आहे ना, इंजिनचा तर नाही, हे त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं. कित्येक शहाणे गिअरबॉक्सचं समजून इंजिनचं तेल सोडून देतात. बोल्टभोवतीचा भाग चांगला पुसल्यासारखा स्वच्छ होता. इतक्या वर्षांच्या गाडीला तिथे बोटभर मळ असायला हवा. हे त्यांच्या नजरेने टिपलं, पण मनापर्यंत काही पोचू दिलं नाही.

पाइप लावून जोर केला आणि बोल्ट करकरत फिरला. शेवटचे आटे त्यांनी बोटांनी सोडवले आणि हात झटकन बाजूला घेतला. तेल भांड्यात पडायला लागलं.

मास्तरांना आवाज ऐकू आला, मग बराच वेळ दुसरं काहीच ऐकू आलं नाही. एरवी सिस्टर गप्प बसल्या की घरात कुणीतरी आजारी आहे असं समजायचं.

“सिस्टर?”

धार बारीक झाली, मग थेंब उरले. सिस्टर पाठीवर सरपटत बाहेर आल्या. त्यांनी दोन्ही हातांनी भांडं बाहेर ओढलं, अंगणातल्या उन्हात आणलं आणि त्याच्यासमोर बसल्या.

तेल लाल होतं. इतकं स्वच्छ, की भांड्याच्या तळाचा निळा टवका त्यातून दिसत होता. सिस्टरांनी बोट बुडवलं, बोटांवर चोळलं, वास घेतला. करपल्याचं नाव नाही.

मास्तर जिथे उभे होते तिथेच उभे राहिले.

“हे तेल या गाडीचं नाही,” सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. “इतक्या वर्षांचं तेल असं असतं का कधी? हे कुणीतरी बदललंय.” मग मान वर करून बघितलं. “मास्तर. कधी?”

मास्तरांनी गळ्यातली मापाची टेप काढली आणि उगाच बोटाला गुंडाळायला लागले.

“तू बहिणीकडे गेली होतीस तेव्हा,” ते म्हणाले. “गेटचा खांब झाल्यावर. गॅरेजवाला इथेच येऊन करून गेला. त्याला म्हटलं होतं, सिस्टरना कळता कामा नये.”

“मला न विचारता? माझ्या गाडीला?”

“विचारलं असतं तर हात लावू दिला असतास? म्हटलं, तेल बदलेल, गाडी सुधारेल, तुला वाटेल आपल्या हाताखाली आपोआप सुधारली. तू बरोबर ठरशील. मला तेवढंच हवं होतं.”

“आणि तेव्हा निघालं ते कसं होतं?”

मास्तर घरात गेले. कापडाच्या ताग्यांमागे त्यांनी काहीतरी शोधलं आणि एक मोठी प्लॅस्टिकची बाटली घेऊन आले. आत डांबरासारखं काळं तेल. सिस्टरांनी झाकण काढलं आणि लगेच नाक बाजूला केलं. चांगलंच करपलेलं होतं.

“म्हणजे मी बरोबर होते!” त्या ताडकन उभ्या राहिल्या. “दोष गाडीचाच होता! आणि तुम्ही मागच्या रविवारी त्याच्यासमोर मूग गिळून बसलात?”

“गेटच्या वेळी गाडीचा होता,” मास्तर म्हणाले.

“मग?”

“सायकल त्याच्यानंतर.”

सिस्टर पुन्हा खाली बसल्या. समोरच्या घराच्या गच्चीत कुणीतरी गादी झोडपत होतं, त्याचा धपधप आवाज येत राहिला. सिस्टरांना त्या सायकलचं मोडकं चाक दिसत होतं आणि घरातून धावत बाहेर आलेल्या माणसाचा पांढराफटक चेहरा. त्यांनी त्याला तेव्हा किती ठासून सांगितलं होतं, की गिअरचा दोष आहे, गिअरचा!

मास्तर त्यांच्याजवळ उकिडवे बसले आणि इतक्या हळू बोलले, की भिंतीलाही ऐकू जाऊ नये.

“तो संध्याकाळी येईल. हे लाल आपण दुसरीकडे ओतू. भांड्यात ही बाटली रिकामी करू. काळं तेल आहे, याच गाडीचं आहे. यात खोटं काय आहे, सांग?”

एवढ्या वर्षांत मास्तरांनी कपड्याच्या मापात सूतभर फसवलं नव्हतं कुणाला. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि कपाळाला घाम आला होता. सिस्टरांना त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी या माणसाला जवळ घ्यावं असंही वाटलं. बाटली त्यांच्या हातात होती. ओतायला किती वेळ लागणार? पाणीटाकीची आजी, म्हातारा, टेकाडावरची विधवा, सगळे जिथल्या तिथे राहिले असते.

त्यांनी झाकण घट्ट लावलं.

“जुना नमुना नव्याच्या नावावर खपवायचा? वॉर्डात कुणी असं केलं असतं तर मी तिची बदली करून दम घेतला असता. ठेवून द्या ही.”

“सिस्टर, एकदा तरी ऐक माझं.”

“ठेवून द्या म्हणते ना! आणि तुम्हाला एवढं सगळं माहीत होतं, तर मला सरळ का नाही सांगितलंत, की बाई गं, चूक तुझी आहे?”

मास्तर उठून गाडीच्या पलीकडे गेले, मागच्या चाकाजवळ वाकले आणि परत आले ते हातात एक चप्पल घेऊन. ती त्यांनी सिस्टरांच्या उजव्या पायाशी ठेवली.

“सकाळपासून तिकडे पडली आहे,” ते म्हणाले. “पायातून निसटली तरी तुला कळत नाही. अलीकडे बऱ्याचदा होतं. मी उचलून आणून ठेवतो.”

सिस्टरांनी खाली बघितलं. डाव्या पायात चप्पल होती. उजवा अनवाणी होता आणि टाचेला धूळ लागली होती.

साखरेच्या रोग्याला विचारायचा पहिला प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला होता: ‘चप्पल पायातून निसटते का हो? निसटलेली कळते का?’ रोगी म्हणायचा, ‘छे, तसं काही नाही,’ आणि त्याची बायको मागून मान हलवायची. स्वतःची साखर सिस्टरांनी कधी फार मनावर घेतली नव्हती. सकाळी चहाबरोबर एक गोळी टाकली की संपलं. आपण काय रोगी आहोत?

“तुमच्याकडे नायलॉनचा दोरा आहे ना?” त्यांनी विचारलं. “ताठ, जाडसर असतो तो?”

“आहे.”

“आणा.”

मास्तर दोरा घेऊन आले. सिस्टर पायरीवर बसल्या, उजवा पाय पुढे केला. वॉर्डात त्या हे करायच्या तेव्हा रोग्याला म्हणायच्या, डोळे मिटा आणि लागलं की सांगा. आता सांगणाऱ्या त्याच आणि मिटणाऱ्याही त्याच.

“दोऱ्याचं टोक तळव्याला लावायचं. दोरा जरासा वाकेपर्यंतच दाबायचं, जास्त नाही. कुठे लावणार ते मला सांगायचं नाही. मी सांगेन.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. मास्तरांचा श्वास ऐकू येत होता. गादी झोडपायचं आता थांबलं होतं.

“लावा ना,” सिस्टर म्हणाल्या.

मास्तर गप्प.

“अहो, लावा. संध्याकाळपर्यंत बसवणार आहात का मला?”

तरी गप्पच.

“मास्तर, चेष्टा पुरे!”

त्यांनी डोळे उघडले. दोऱ्याचं टोक अंगठ्याखालच्या उंचवट्यावर टेकलं होतं आणि दोरा चांगला वाकला होता. मास्तरांचा हात जराही हलत नव्हता. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

“पुन्हा,” सिस्टर म्हणाल्या. “दुसऱ्या जागी.”

दुसऱ्या जागीही तेच. टाचेला थोडंसं जाणवलं. डाव्या पायाला दोन ठिकाणी ओळखता आलं, तिसऱ्या ठिकाणी नाही. सिस्टरांनी दोरा मास्तरांच्या हातातून घेतला, बोटांभोवती नीट गुंडाळला आणि त्यांच्या खिशात ठेवला.

मग त्या रडल्या. रडणं म्हणजे त्यांच्या बाबतीत काय, तर एप्रनच्या टोकाने दोन्ही डोळे खसाखसा पुसायचे आणि समोर जो असेल त्याच्यावर ओरडायचं.

“बघत काय बसलात? भांडं उचला! ते तेल मोजायचंय अजून. जेवढं बाहेर आलं तेवढंच आत गेलं पाहिजे, थेंब कमी नको आणि थेंब जास्त नको. गाडीचं पोट रिकामं ठेवून रडत बसणार आहोत का आपण?”

“म्हणजे अजूनही भरायचं?” मास्तरांना काही कळेना. “तू तर आता...”

“मी तर आता काय? मी गाडीत बसणार नाही असं कुठे म्हटलंय मी?”

त्या पुन्हा गाडीखाली शिरल्या. नवा वायसर घालून बोल्ट आवळला, पुसला, आणि नीट बसलाय का ते बोट लावून बघितलं. बोटांना तरी अजून सगळं कळत होतं. मापाच्या जगमध्ये लाल तेल ओतून त्यांनी पातळी डोळ्यांच्या रेषेत आणली. मग बॉनेट उघडून, तेल बघायची पट्टी काढून, तिच्या नळीत लांब नरसाळं घातलं आणि नव्या डब्यातलं तितकंच तेल, धार तुटू न देता, आत सोडलं. मास्तर नरसाळं धरून उभे होते. आयुष्यात त्यांनी बॉनेटखाली कधी डोकावलं नव्हतं. गाडी म्हटली की डाव्या बाजूला बसायचं आणि सिस्टर ओरडतील तेव्हा खिडकी वर करायची, एवढंच त्यांना माहीत.

“आता गाडी खाली सपाटीला आणायची,” सिस्टर म्हणाल्या. “इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून, गिअर एकेक करून सगळीकडे फिरवायचा. मग पट्टी काढून पातळी बघायची. पट्टी मी बघते.”

“आणि ब्रेक कोण दाबणार?”

सिस्टरांनी किल्ली त्यांच्यापुढे धरली.

“काहीतरीच काय!” मास्तर दोन पावलं मागे सरले. “मला नाही जमायचं. या वयात? लोक काय म्हणतील?”

“लोकांचे कपडे शिवून झाले ना तुमचे? मग लोकांचं राहू द्या. आयुष्य पायमशीनवर गेलं तुमचं. पायाखाली किती दाबलं की किती पळतं, हे मी तुम्हाला शिकवायचं? बसा आत.”

“तुझ्या तीन पेशंटांसाठी माझा जीव घेशील एक दिवस.”

“बसा म्हणते ना!”

मास्तर बसले. सीट पुढे घेतली, आरसा बघितला, आरशात स्वतःलाच बघून दचकले. सिस्टर गाडीच्या उघड्या दाराशी उभ्या राहून सांगत होत्या: हा ब्रेक, हा रुंद. तो अरुंद, वेगाचा, त्याला आज हातसुद्धा लावायचा नाही, म्हणजे पाय. फक्त उजवा पाय. डावा घरी ठेवलाय असं समजा. हा दांडा, ही अक्षरं. इंजिन चालू झालं तेव्हा मास्तरांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलं, की ते कुणी हिसकावून नेणार आहे.

तेवढ्यात गेट वाजलं. मुलगा आला होता, संध्याकाळ व्हायच्या आधीच. त्याने आत पाऊल टाकलं, पायरीजवळचं पांढरं भांडं आणि शेजारी लाल तेलाने भरलेला जग पाहिला, आणि थबकला. जिंकल्याचा आनंद त्याच्या तोंडावर नव्हता. उलट आता आईला काय बोलावं, या विचाराने तो कावराबावरा झालेला दिसला.

“लाल आहे,” तो म्हणाला.

“लाल आहे,” सिस्टर म्हणाल्या. “मला दिसतंय.”

“आई, मी काही... हे बघ, मला काही तुला हरवायचं नव्हतं.”

“माहीत आहे. पाय चुकतो माझा. तळव्याला काही कळत नाही. उद्या डॉक्टरांना दाखवायला जायचंय. तू म्हणालास ते बरोबर होतं.”

आईच्या तोंडून आपण बरोबर असल्याचं त्याने बहुधा जन्मात पहिल्यांदाच ऐकलं असावं. भांडायची सगळी जय्यत तयारी करून आलेला तो मोठा माणूस एकदम लहान दिसायला लागला. त्याने आईच्या पायांकडे बघितलं, मग दुसरीकडे.

“मग गाडीला गिऱ्हाईक बघू ना?” त्याने जपून विचारलं. “ठरलं होतं आपलं.”

“काय ठरलं होतं ते नीट आठव. मी स्टिअरिंगला हात लावणार नाही. नाही लावणार. विकायचं कुणी कबूल केलं होतं?”

“अगं, मग चालवणार कोण?”

सिस्टरांनी गाडीकडे बोट दाखवलं. मुलगा बाजूने वाकून बघायला गेला आणि त्याचा आ वासलेलाच राहिला.

“बाबा? अहो, तुम्ही काय करताय तिथे? आई, यांना सायकलसुद्धा धड येत नाही!”

“येत नाही म्हणूनच शिकवतेय.”

“आणि लायसन्स?”

“उद्या शिकाऊ लायसन्सचं बघायचं. मिळेपर्यंत आम्ही अंगणाबाहेर पडत नाही. तोवर माझी आजी, तो म्हातारा आणि ती विधवा, तिघंही तुझ्याकडे. सकाळी ऑफिसच्या आधी मला घ्यायला यायचंस.”

“मी? रोज?”

“मग काय चालत जाऊ? या पायांनी?”

मुलाने बापाकडे बघितलं. मास्तर समोर बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण पाय ब्रेकवर घट्ट होता, आणि ‘मी उतरतो’ असं काही ते म्हणाले नाहीत. उलट घसा साफ करून त्यांनी खिडकीतून विचारलं, “सिस्टर, मागे घ्यायला आर मध्ये टाकू का?”

“टाका. पाय सोडू नका अजून.” त्या मुलाकडे वळल्या. “मागच्या विटा काढ.”

मुलगा वाकला आणि विटा काढायला लागला. एक काढली, दुसरी काढली, त्या हातात घेऊन गाडीच्या मागे तसाच उभा राहिला. अजून काहीतरी बोलायचं होतं त्याला. आई, या वयात कशाला, असलंच काहीतरी असणार.

“आता काय?” सिस्टरांनी विचारलं.

“काही नाही.”

“मग बाजूला हो. तुझे बाबा येतायत.”